कळण्याआधीची सही

नोकरी गेली किंवा अंथरूण धरलं तर घर कशावर चालायचं, हा प्रश्न चाळणीबाईंना कुठल्या जाहिरातीने शिकवला नव्हता. तो त्यांच्या घरी एकदा मुक्कामाला येऊन गेला होता. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि हातातलं ट्रकचं स्टिअरिंग सुटलं ते कायमचंच. तेव्हा विमा होता. आजारपणात पगाराची निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला देणारा, आणि वर घरच्याच माणसाने काढून दिलेला.

घरचा माणूस म्हणजे धाकटा दीर, विमा एजंट. थोरल्या भावाचा अर्ज त्याने मोठ्या मायेने स्वतःच भरला होता. प्रकृतीचे सव्वीस प्रश्न होते. त्याने एका दमात सव्वीस वेळा ‘नाही’ लिहिलं, रक्तदाबाच्या प्रश्नापुढेसुद्धा. नवरा तेव्हा चार वर्षं रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेत होता. पुढे कंपनीने दवाखान्यातले जुने कागद मागवले आणि एका पानाचं पत्र धाडलं, ‘माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर.’ सहा वर्षांचे हप्ते पाण्यात गेले. दिराने कपाळाला हात लावला, दोन महिने तोंड लपवलं आणि तिसऱ्या महिन्यात नव्या योजनांची माहितीपत्रकं घेऊन हजर झाला. विमा विकणाऱ्याची कातडी जाड असावी लागते, पण किती जाड, याला काही मर्यादा?

तेव्हापासून घर चाळणीबाईंच्या एकट्या पगारावर चाललं होतं.

हे नाव त्यांना छापखान्याने दिलं होतं. औषधांची खोकी छापणाऱ्या त्या छापखान्यात त्या बावीस वर्षं तपासनीस होत्या. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर छापलेला कागद पसरायचा, मूळ नमुना शेजारी ठेवायचा आणि ओळ न् ओळ, ठिपका न् ठिपका ताडून बघायचा. चूक दिसली की लाल पेनने गोल, खाली सही, तारीख आणि वेळ. त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय त्या इमारतीत काहीच छापलं जात नसे, अगदी ‘पाणी जपून वापरा’ ही पाटीसुद्धा. आणि न वाचता सही करणं हे तिथलं सगळ्यात मोठं पाप. पूर्वी एका तपासनिसाने ते केलं होतं, तेव्हा अर्धा चमचा औषधाच्या जागी पाच चमचे छापून लाखभर खोकी बाहेर पडली होती. तो माणूस कुठे गेला हे कोणी विचारत नसे. अशा ठिकाणी बावीस वर्षं काढली की माणूस लग्नाची पत्रिकासुद्धा चुका शोधत वाचतो.

शेजारच्या टेबलावर जुळ्यांची आई बसायची. वय बत्तीस, दोन मुलगे पाच वर्षांचे, आणि नवरा असा की आज या दुकानात तर उद्या त्या गोदामात. चाळणीबाई विम्याच्या खटपटीत आहेत हे कळल्यावर ती म्हणाली, “ताई, तुम्ही नीट वाचून, चाळून घ्या. तुम्ही जो घ्याल तोच मी घेणार. डोळे मिटून.”

“डोळे मिटून काही घ्यायचं नसतं,” चाळणीबाई करवादल्या.

“तुम्ही उघडे ठेवताय ना. मग माझे कशाला?”

तेव्हापासून तो भार त्यांच्या डोक्यावर बसला तो बसलाच.

मग एका रविवारी दीर आला, चहा झाला आणि टेबलावर कागदांचा ढीग पडला. पहिला विमा फक्त आजारपणाचा. दुसरा फक्त नोकरी गेली तर. तिसरा दोन्हींचा, पण त्याचा हप्ता ऐकून नवऱ्याने टीव्ही बंद केला. पैसे महिन्यानंतर सुरू होणारा एक, तीन महिन्यांनंतर सुरू होणारा एक. ‘स्वतःचं काम करता आलं नाही तर’ पैसे देणारा एक आणि ‘कुठलंच काम करता आलं नाही तर’ देणारा एक.

“या दोघांत फरक काय?” चाळणीबाईंनी विचारलं.

“समजा वहिनी, तुमची नजर गेली. पहिल्यात पैसे मिळतील. दुसऱ्यात ते म्हणतील, टेलिफोनवर बसा की.”

“आणि टेलिफोनवर बसवणार कोण? ते?”

“नाही, ते तुम्ही बघायचं,” दीर म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. “तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आजारपणाचा घ्या. अर्ज मी भरतो. तुम्ही खाली सही ठोका.”

चाळणीबाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर पोळवणाराच पुन्हा दूध घेऊन दारात उभा! “अर्ज मी भरणार,” त्या म्हणाल्या. “आणि खरा भरणार.”

“खरा भरला तर मिळायचा नाही, वहिनी.”

“खोटा भरून मिळाला होता का?”

नवरा पलंगावरून म्हणाला, “तिला भरू दे रे.” दिराने अर्ज पुढे सरकवला.

त्यांनी अर्ज भरला, आणि त्यांची चूक म्हणाल तर इथेच झाली. कोणी शहाणा माणूस आपल्या शरीराचा अर्ज छापखान्यातल्या कागदासारखा तपासत नाही. चाळणीबाईंनी तपासला. ‘गेल्या पाच वर्षांत पाठदुखी?’ हो; टेबलावर वाकून, साधारण दुपारी तीननंतर. ‘मनगट, हात?’ हो, उजव्या मनगटाला मुंग्या, थंडीत जास्त. ‘दृष्टी?’ चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तारखांसकट. ‘ताण, निद्रानाश?’ हो, नवऱ्याच्या आजारपणात चार महिने. जागा पुरली नाही तेव्हा त्यांनी वेगळं पान जोडलं. त्याखाली सही, तारीख, वेळ.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. कंपनी आनंदाने विमा द्यायला तयार होती. हप्ता दीडपट. वगळलेल्या बाबी पुढीलप्रमाणे: पाठीचा कणा व त्यासंबंधी सर्व विकार, दोन्ही हात, दोन्ही डोळे, कोणताही मानसिक आजार.

“मग उरलं काय?” नवरा म्हणाला. “कान आणि पाय. आता तेवढे मोडायला हवेत.” आणि तो पोट धरून हसला. चाळणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या धंद्यात माणूस आजारी पडतो तो पाठीने, हाताने नाहीतर डोळ्याने. पाय मोडून कधी कोणी तपासनीस घरी बसलेली नव्हती. तपासायला पाय लागतच नाहीत!

त्यांनी कंपनीला फोन लावला. बत्तीस मिनिटं एक बाई त्यांना सांगत राहिली की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक गोड आवाजाचा मुलगा आला.

“मॅडम, तुम्ही स्वतःच लिहिलंय ना हे सगळं?”

“म्हणजे नसतं लिहिलं तर मिळालं असतं?”

“तसं मी म्हणू शकत नाही, मॅडम.”

“आणि नंतर दावा केला असता तर लपवलं म्हणून नाकारला असता?”

“तसंही असू शकतं, मॅडम. आणखी काही मदत करू?”

त्यांनी फोन आपटला. फोन आपटण्याची सोय आताच्या फोनला राहिलेली नाही, म्हणून गादीवर आपटला.

राहता राहिला नोकरीचा विमा. तो मात्र स्वच्छ होता. प्रकृतीचा एक प्रश्न नाही. नोकरी गेली की सहा महिने पगाराच्या साठ टक्के रक्कम. दोनच अटी: सही केल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत नोकरी गेली तर काही नाही, आणि कलम नऊ. ‘आपली नोकरी जाण्याची शक्यता असल्याचे आपणांस माहीत आहे काय? माहीत असल्यास तपशील द्या.’

“लिहा ‘नाही’ आणि मोकळ्या व्हा,” दीर म्हणाला. “हे तरी खरं आहे ना?”

खरंच होतं. पण ‘शक्यता’ म्हणजे काय? छापखान्यात दर चहाला कोणी ना कोणी म्हणायचंच की आता यंत्रं येणार, आता माणसं जाणार. बावीस वर्षं म्हणत होते. ती अफवा धरायची की नाही? उद्या कंपनीने कोणाला तरी विचारलं, आणि कोणी तरी सांगितलं की हो, बोलत तर सगळेच होते, तर? पुन्हा एका पानाचं पत्र?

“वहिनी, तुम्ही देवाच्या अर्जातसुद्धा चूक काढाल,” दीर वैतागला.

“देवाने सव्वीस ‘नाही’ लिहिले असतील तर काढीनच.”

त्यांनी कंपनीला लेखी विचारलं, कामाच्या ठिकाणची अफवा कलम नऊखाली येते काय. जुळ्यांच्या आईने रोज विचारायचं, “ताई, झालं का चाळून?” आणि रोज त्यांनी म्हणायचं, “उत्तर येऊ दे.” एकदा ती अर्ज पर्समध्ये घेऊनच आली होती. “आणखी दोन दिवस थांब,” चाळणीबाईंनी तिला सांगितलं. अकराव्या दिवशी, गुरुवारी, उत्तर आलं. एक ओळ होती. ‘कृपया कलम नऊ पाहावे.’

त्या उत्तराकडे त्या पाच मिनिटं बघत बसल्या. मग त्यांनी दिराला फोन केला. “उद्या संध्याकाळी या. सही करते.”

शुक्रवारी सकाळी कामाच्या ट्रेमध्ये वरून तिसरा कागद आला तो खोक्याचा नव्हता. छापखान्याचंच नाव वर होतं. चाळणीबाईंनी सवयीने मूळ प्रत शेजारी ठेवली, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या. सर्व कर्मचाऱ्यांना कळवण्यात येते की. छपाईच्या यंत्रांवर तपासणीचे कॅमेरे बसवण्यात येत असून. त्यामुळे तपासणी विभागाची आवश्यकता. विभागातील सर्व बारा जणांची सेवा आजपासून चार महिन्यांनी, अमुक तारखेस, सोमवारी, संपुष्टात.

हात थांबला नाही. हे त्यांना नंतर आठवलं तेव्हा स्वतःचाच संताप आला. एखाद्या बाईने किंकाळी फोडली असती, निदान पाणी मागितलं असतं. चाळणीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ती तारीख सोमवारी येत नव्हती, मंगळवारी येत होती. त्यांनी ‘सोमवारी’भोवती लाल गोल काढला, बाजूला ‘मंगळवार?’ लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. दहा वाजून चाळीस मिनिटं.

मग तो कागद काय होता ते त्यांना कळलं.

विभागप्रमुख जिना उतरून धावतच आला. त्याच्या वरच्या खोलीतून तो कागद इतर कागदांबरोबर खाली आला होता. छापायचं म्हटल्यावर तपासणीला पाठवायचं, हे वरच्या कारकुनाच्या हातात इतकं बसलं होतं की कागदात काय आहे ते बघायची त्यालाही गरज वाटली नव्हती.

“वाचलंत?” त्याने हळूच विचारलं.

“वाचल्याशिवाय मी सही करत नाही.”

त्याने लाल गोल बघितला, वेळ बघितली. “सोमवारी लावायचं आहे हे. तोवर कुणाला बोलू नका, प्लीज. मला वाईट वाटतंय.” तारीख दुरुस्त केल्याबद्दल त्याने आभारही मानले, आणि मानून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

शेजारच्या टेबलावरून जुळ्यांच्या आईने विचारलं, “काय झालं, ताई?”

“चूक होती एक,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दीर अर्ज आणि नवं पेन घेऊन आला. चाळणीबाईंनी दोघा भावांना समोर बसवून काय झालं ते सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. दिराने मात्र लगेच बोटं मोजली.

“चार महिन्यांनी ना? म्हणजे तीन महिन्यांची अट निघाली! सोन्यासारखं आहे, वहिनी. नोटीस लागायची सोमवारी. आज शुक्रवार. आज सही करा. कलम नऊ, ‘नाही’. कोणाला कळतंय?”

“तपासलेला कागद फाईलला लागतो. त्यावर माझी सही आहे. वेळेसकट.”

“कोण बघणार फाईल?”

“दवाखान्यातले चार वर्षांचे कागद कोणी बघितले?”

आता नवऱ्याला राहवेना. तो पुढे सरकला. “मग अकरा दिवसांपूर्वी का नाही केलीस? तेव्हा काय माहीत होतं तुला? काही नव्हतं. ‘नाही’ लिहिलं असतंस तर ते खरं होतं. अफवा म्हणजे काय आणि शक्यता म्हणजे काय, हे चाळत बसलीस!”

हे त्याने बोलायला नको होतं, कारण सबंध दिवस त्या स्वतःला हेच बोलत होत्या.

“हो, बसले चाळत!” चाळणीबाईंचा आवाज चिरकला. “तुमच्या वेळी कोणी चाळलं नाही, म्हणून बसले! खोटं लिहिलं तर खोटं म्हणून नाही देत. खरं लिहिलं तर खरं म्हणून नाही देत. विचारायला गेलं तर विचारण्यात दिवस जातात म्हणून नाही देत. मग हा विमा मिळतो तरी कोणाला? मला एकोणपन्नास पुरी झाली. कॅमेरा आल्यावर माझे डोळे कोण विकत घेणार? भीती वाटते हो मला!”

दिराने पेनचं टोपण लावलं. त्या माणसाला इतकं बिनतयारीचं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

“करून टाका ना, वहिनी,” तो म्हणाला, पण त्यात आता विक्री नव्हती, विनवणी होती. “माझ्या हातून दादाचं गेलं. तुमचं तरी...”

“नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, भाऊजी. पुन्हा चार महिने हप्ते भरायचे आणि शेवटी ते एक पान वाचायचं, हे मला दुसऱ्यांदा जमणार नाही.” त्यांनी अर्ज त्याच्याकडे सरकवला, आणि सरकवता सरकवता हात तसाच राहिला. “कोरा अर्ज आणखी आहे?”

“आहे. का?”

“जुळ्यांच्या आईकडे जा. आत्ता. तिला काही माहीत नाही. सोमवारी सकाळी नऊला माहीत होईल. मध्ये शनिवार-रविवार तुमचं ऑफिस बंद. म्हणजे आजच तिची सही घेऊन अर्ज ऑनलाइन जायला हवा.”

दिराने मान खाजवली. “पण मला माहीत आहे ना, वहिनी. हे बरोबर होईल का?”

सव्वीस वेळा ‘नाही’ लिहिणाऱ्याला आज हा प्रश्न पडला होता! “अर्ज तुमचा आहे की तिचा?” चाळणीबाई कडाडल्या. “तिने ‘नाही’ लिहिलं तर ते खरं असेल. तुमच्या हातून गेलेला बहुतेक पहिलाच खरा अर्ज. उठा!”

दीर उठला, चपला अडकवून निघाला. चाळणीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. अकरा दिवस त्यांनी त्या पोरीलाही अडवून ठेवलं होतं. पर्समध्ये अर्ज घेऊन आली होती ती. आपलं गेलं ते गेलं, पण हिचंही आपल्याच हाताने जायचं का?

पाऊण तासाने फोन वाजला. मागे दोन मुलांचं भांडण ऐकू येत होतं.

“ताई, तुमचे भाऊजी आलेत. इतक्या घाईने? सोमवारी कामावर निवांत बघू या का? आज यांनाही यायला उशीर आहे, विचारून घेतलं असतं.”

“नको. आज कर.”

“का हो? काही झालंय का?”

सांगितलं तर तिला माहीत होणार. न सांगावं तर ती सोमवारपर्यंत थांबणार. चाळणीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काही नाही झालं. सोमवारपासून हप्ता वाढतोय म्हणे.”

“अस्सं होय!” ती थोडी हसली. “तुम्ही घेतलात ना पण? चाळून झालं?”

“हो.”

“सही केलीत?”

“केली. आज सकाळीच. दहा चाळीसला.”

“मग झालं तर! थांबा, आधी एकदा वाचते सगळं. तुम्ही नेहमी सांगता ना, वाचल्याशिवाय—”

“वाचत बसू नकोस!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की पलंगावर नवरा दचकला. मग त्यांनी आवाज खाली आणला. “मी वाचलंय, बाळा. सगळं वाचलंय. तू कर सही.”

पलीकडे कागदाचा आवाज झाला. दिराने बोट ठेवून जागा दाखवली असावी. एक मुलगा रडायला लागला, आणि त्या रडण्यातूनच ती म्हणाली, “केली, ताई.”

चाळणीबाईंनी फोन खाली ठेवला. नवरा त्यांच्याकडे बघत होता.

“आणि आपलं?” त्याने विचारलं.

“आपल्याला कळलंय ना,” त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या, पण काच काही केल्या स्वच्छ होईना.